रोजच्या मालिकेचा लेखक व्हायचंय? मग कामाचा क्रम आधी नीट लावा

"माझ्याकडे एक भन्नाट कन्सेप्ट आहे, चॅनलमध्ये कुणाला भेटू?" मालिका लिहू इच्छिणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण इथूनच सुरुवात करतात आणि इथेच अडकतात. चॅनलकडे कन्सेप्टचा ढीग पडलेला असतो. चणचण असते ती उद्या सकाळच्या शिफ्टला नीट लिहिलेला सीन हातात देणाऱ्या माणसाची. तो माणूस तुम्ही आहात हे आधी कागदावर दाखवावं लागतं, तुमच्या कन्सेप्टची वेळ त्यानंतर खूप उशिरा येते.

हा लेख मराठी वाहिन्यांवरच्या रोजच्या मालिकांबद्दल आहे. वेबसिरीज आणि सिनेमाची गणितं वेगळी, त्यांत इथे शिरत नाही.

## १. कुठल्या दारातून शिरायचं ते ठरवा

श्रेयनामावलीत लेखनाची तीन नावं दिसतात: कथा, पटकथा, संवाद. कथालेखक पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, बांधतो. पटकथालेखक त्या ट्रॅकमधून एकेका एपिसोडची वनलाइन (काय घडतं त्याचा थोडक्यात आराखडा) आणि सीनची रचना काढतो. संवादलेखक त्या सीनमध्ये माणसांना बोलतं करतो. काही मालिकांत पटकथा आणि संवाद एकच जण लिहितो. या सगळ्यांच्या वर निर्मितीसंस्थेची क्रिएटिव्ह टीम आणि तिच्याही वर चॅनलची टीम असते. दोन्हीकडून होकार आल्याशिवाय पान सेटवर जात नाही.

नवख्यासाठी खरं दार संवादाचं. आठवड्याला सहा, कधी सात एपिसोड लिहायचे म्हणजे एकटा माणूस कधी ना कधी थकतो, आजारी पडतो, दुसरी मालिका घेतो. तिथे जोडीला कुणीतरी लागतं. कथालेखकाची जागा मात्र अनोळखी माणसाला कुणी देत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. शंभर एपिसोड लिहून झालेला माणूसच सांगू शकतो की एखादा ट्रॅक तीन आठवडे ताणता येईल की चौथ्या दिवशीच संपेल.

## २. मालिका बघू नका, मोजा

चालू असलेली एक मालिका निवडा. सलग सहा एपिसोड वही घेऊन बघा आणि प्रत्येक सीनसाठी एक ओळ लिहा: कुठे घडला, कोण होतं, किती मिनिटं चालला, प्रेक्षकाला नवीन काय कळलं.

लांबीचं गणित आधी समजून घ्या. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांनुसार (१९९४) तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात, त्यात वाहिनीच्या स्वतःच्या जाहिरातीही आल्या. अर्ध्या तासातली सहा मिनिटं तिथे गेली. शीर्षकगीत, मागच्या भागाची झलक आणि शेवटचा प्रीकॅप (पुढच्या भागाची झलक) वजा केला, की लेखकाच्या वाट्याला साधारण २० ते २२ मिनिटं उरतात.

मोजायला लागलात की तीन गोष्टी दिसतील. एक, एका एपिसोडमध्ये खरी नवी माहिती एक किंवा दोनच असतात, बाकी सगळा त्या माहितीचा वेगवेगळ्या माणसांवर झालेला परिणाम. दोन, जाहिरातीआधीचा सीन कधीही समाधानात संपत नाही. तीन, शनिवारचा शेवट बुधवारच्या शेवटापेक्षा जड असतो, कारण त्याला रविवार ओलांडायचा असतो.

टीआरपीचा, म्हणजे मालिका किती बघितली जाते त्या आकड्यांचा, आठवडाही समजून घ्या. हे आकडे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा आठवडा शनिवार ते शुक्रवार असतो आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात. म्हणजे आज तुम्ही लिहिताय त्या ट्रॅकवर कधी तरी एका गुरुवारी कुऱ्हाड पडू शकते.

सावधान: "मालिका म्हणजे सगळा भंकसपणा, मी येऊन दर्जा सुधारतो" असा सूर मनात असेल तर तो पहिल्या पानावरच दिसतो. प्रेक्षकाला हसणारा लेखक या कामात टिकत नाही. मालिका आवडतच नसतील तर दुसरं काही लिहा, त्यात कमीपणा नाही.

## ३. नमुना तयार करा

नमुन्यात दोनच गोष्टी पुरेत: एखाद्या चालू मालिकेतली पात्रं घेऊन लिहिलेले दोन सलग एपिसोड, पूर्ण संवादांसह, आणि तुमच्या स्वतःच्या पात्रांचा तीन-चार मिनिटांचा एक सीन. दोन एपिसोड सलगच हवेत. पहिल्याचा शेवट दुसऱ्यात तुम्ही कसा उचलता, यावरून तुमचा वकूब कळतो. एकाच एपिसोडचा शेवट कुणीही धक्कादायक करू शकतो.

ज्या निर्मितीसंस्थेला पाठवताय तिचीच मालिका मात्र घेऊ नका. तुम्ही लिहिलेलं वळण योगायोगाने त्यांच्या पुढच्या ट्रॅकमध्ये असलं, तर तुम्हाला वाटणार त्यांनी चोरलं आणि त्यांना वाटणार हा माणूस कटकटीचा आहे. म्हणून नमुना दुसऱ्या संस्थेच्या मालिकेचा द्यावा.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याच्या फोनवर उघडली की नुसत्या खुणा दिसतात आणि तो दुसऱ्यांदा मागत नाही. पाठवायची ती पीडीएफ, अक्षर जरा मोठं, कारण वाचणारा फोनवर वाचणार आहे. फाइलच्या नावात तुमचं नाव असू द्या. "फायनल नवीन २" नावाच्या फाइली त्यांच्याकडे भरपूर आहेत.

पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या आणि स्वतःचं मूळ लेखन तिथे ऑनलाइन नोंदवून टाका. मात्र नोंदणीतून काय मिळतं ते नीट समजून घ्या. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, लिहून काढलेल्या मांडणीला देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच स्पष्ट केलं. "सुनेला सासूचं गुपित कळतं" एवढ्या एका ओळीवर तुमचा हक्क नाही. त्यावर लिहिलेल्या वीस पानांवर आहे.

पाठवण्याआधी तपासा: कुठल्याही सीनमधली पात्रांची नावं झाकली तरी कोण बोलतंय ते ओळखू येतं का? येत नसेल तर नमुना अजून तयार नाही.

## ४. पाठवणं आणि ट्रायल

मेल निर्मितीसंस्थेच्या क्रिएटिव्ह टीमला करा. चॅनलला नको, आणि मालिकेतल्या नटांच्या इन्स्टाग्रामवर तर मुळीच नको. पाच-सहा ओळी बास: तुम्ही कोण, काय जोडलंय, कुठली बोली सराईतपणे लिहिता, आठवड्याला किती एपिसोड देऊ शकता. दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढच्या संस्थेकडे वळा.

पसंत पडलात तर ट्रायल मागतील. एक-दोन सीन विनामोबदला लिहून द्यायला हरकत नाही, तेवढी रीत आहे. आठवडाभराचे एपिसोड फुकट मागितले तर नम्रपणे विचारा: "यातलं काही वापरलं तर मानधन आणि श्रेय काय?" उत्तर मेलवर घ्या. मेल टाळून फोनवरच बोलत राहणाऱ्या माणसाबद्दल वेगळं काही सांगायला नको.

## ५. वनलाइन हातात आली: लगेच लिहायला बसू नका

काम मिळालेले बहुतेक जण इथेच घसरतात. वनलाइन आली की उत्साहात सीन पाडायला लागतात आणि संध्याकाळी कळतं की ज्या काकांवर अर्धा एपिसोड उभा केला ते चार दिवस नाटकाच्या दौऱ्यावर आहेत.

लिहिण्याआधी चार गोष्टी गोळा करा.

कोण मिळणार. नटांच्या डेट्स, उभे असलेले सेट, बाहेरचं चित्रीकरण आहे की नाही. सीनमध्ये लहान मूल असेल तर बालकामगारविषयक नियमांप्रमाणे त्याला दिवसात पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम करायला लावता येत नाही. त्यामुळे एका एपिसोडमध्ये मुलाचे सहा सीन लिहिणं म्हणजे दिग्दर्शकाच्या गळ्यात धोंड बांधणं.

कोण कुणाला काय म्हणतं. मोठ्या घराच्या मालिकेत पंधरा-वीस पात्रं असतात. धाकटी सून थोरलीला "ताई" म्हणते की "वहिनी", सासऱ्यांना "बाबा" म्हणते की "अण्णा", नवऱ्याला चारचौघांत "अहो" आणि खोलीत "अरे" म्हणते का, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. एका एपिसोडमध्ये चुकलं की प्रेक्षक लगेच पकडतात. क्रिएटिव्ह टीमला वाटेल नव्या लेखकाने मालिका बघितलीच नाही, आणि ते खरंच असतं.

कुणाला काय माहीत. माझ्या मते रोजच्या मालिकेचा सगळा डोलारा यावर उभा असतो. एक तक्ता करा: डावीकडे गुपितं, वर पात्रांची नावं. कुणाला कुठल्या एपिसोडमध्ये काय कळलं, आणि "माहीत आहे" हे आणखी कुणाला माहीत आहे, ते प्रत्येक चौकटीत भरा. तिसऱ्या महिन्यात डोक्यात काही राहत नाही. ज्या काकूंना गुपित महिन्यापूर्वीच कळलंय त्यांना पुन्हा धक्का बसलेला दाखवला, की लेखकाची अब्रू गेली.

कथेतला दिवस कितवा. एकच मंगळागौर पाच एपिसोड चालू शकते. प्रत्येक सीनच्या वर "डे ३", "डे ४" असं लिहा. साडी, दागिने, कपाळावरची पट्टी, सगळी कंटिन्युइटी त्या आकड्यावर चालते, कारण चित्रीकरण सीनच्या क्रमाने होत नाही. एका सेटवरचे तीन एपिसोडमधले सीन एकाच दुपारी उरकतात.

## ६. सीनची रचना: शेवटाकडून मागे या

समजा वनलाइन अशी आहे: सून वीणाने सासूबाईंच्या, म्हणजे माईंच्या, आईच्या बांगड्या गहाण ठेवल्यात. त्याची पावती माईंना सापडते. माई बोलत नाहीत. वीणाला कळत नाही की माईंना कळलंय.

आधी शेवटचा सीन ठरवा. माई वीणाला काही न विचारता उलट सगळ्यांसमोर सांगतात की उद्या वीणा त्याच बांगड्या घालणार. हा हुक, म्हणजे प्रेक्षकाला पुढच्या एपिसोडकडे ओढणारा शेवट. आता मागे या. ब्रेकच्या आधी माईंना पावती सापडली पाहिजे. त्याच्याही आधी वीणाने पावती कुठे ठेवली ते प्रेक्षकाने बघितलेलं पाहिजे, नाहीतर सापडण्यात गंमत नाही. मध्ये एक सीन वीणाच्या नवऱ्याचा, म्हणजे श्रीधरचा: पैशांची अजून किती निकड आहे ते कळण्यापुरता. एक सीन दुसऱ्या ट्रॅकचा, श्वास घ्यायला. साधारण सात-आठ सीनमध्ये हा एपिसोड बसतो.

नेहमीची चूक अशी की सुरुवातीपासून लिहीत येतात, तिसऱ्या सीनलाच बावीस मिनिटं भरतात आणि हुक पुढच्या एपिसोडवर ढकलतात. मग पुढचा एपिसोड हुकनेच सुरू होतो आणि त्यात काही उरत नाही.

तपासा: प्रत्येक सीन काढून टाकून बघा. काढल्याने पुढचं काही अडत नसेल तर तो सीन भरणा आहे. भरण्याचे एक-दोन सीन चालतात, चार चालत नाहीत.

## ७. संवाद

पावती सापडल्यानंतरचा सीन नवखा असा लिहितो:

माई: ही काय गं वीणा? बांगड्या गहाण ठेवल्याची पावती? श्रीधरचं कर्ज फेडायला तू माझ्या आईच्या बांगड्या गहाण ठेवल्यास?
वीणा: हो माई. मला माफ करा. माझा नाइलाज होता.

संपलं. आठवडाभर पुरणारं गुपित दोन ओळींत खर्च झालं. तोच सीन असाही लिहिता येतो:

सीन ५. स्वयंपाकघर. सकाळ. डे ३.
(माई मेथी निवडतायत. वीणा समोर बसून मदत करतेय.)
माई: उद्या मंगळागौर. बांगड्या घालशील ना?
वीणा: घालेन की.
माई: त्याच. माझ्या आईच्या.
वीणा: त्या... जरा सैल होतात, माई.
माई: सैल? गेल्या वर्षी साबण लावून चढवल्या होत्या.
(वीणाच्या हातातली मेथीची जुडी खाली पडते.)
माई: राहू दे. मी उचलते.

माईंच्या हातात हुकमाचं पान आहे आणि त्या ते टाकत नाहीत. प्रेक्षकाला पावतीचं माहीत आहे, माईंना माहीत आहे, फक्त वीणाला माहीत नाही की त्यांना कळलंय. यावर अजून तीन एपिसोड आरामात निघतात.

पण दुसरी बाजूही आहे. मालिका बघण्यापेक्षा जास्त ऐकली जाते. प्रेक्षक पोळ्या लाटतोय, फोनवर बोलतोय, दहा मिनिटं उशिरा येऊन बसलाय. म्हणून मालिकेत सगळं पुन्हा पुन्हा सांगतात, आणि म्हणून लोक हसतात. माझा नियम असा: माहिती पुन्हा सांगा, भावना पुन्हा सांगू नका. बांगड्या गहाण आहेत हे एपिसोडमध्ये एकदा कुणाच्या तरी तोंडून स्पष्ट यायलाच हवं, शक्यतो आधी न बोललेल्या माणसाच्या. वर श्रीधरचा सीन त्यासाठीच ठेवलाय. वीणाला किती वाईट वाटतंय हे मात्र तीन जणांनी तीनदा सांगायची गरज नाही, ते करायला नटी आहे.

आणखी काही, घाईघाईत:

एका पात्राच्या तोंडी सलग चार ओळींहून जास्त बोलणं देऊ नका. पान कधी कधी मेकअप चालू असताना नटाच्या हातात पडतं, पाठांतराला पाच-दहा मिनिटं मिळतात. मोठं भाषण लागणारच असेल तर आदल्या दिवशी पाठवा.

सीन मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. मनात वाचलेला तीन मिनिटांचा सीन सेटवर चार मिनिटांचा होतो.

वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी किंवा कोल्हापुरी वळण लिहायचं असेल आणि ती बोली तुमच्या घरातली नसेल, तर ती बोलणाऱ्या माणसाकडून पान तपासून घ्या. "व्हय" आणि "न्हाई" पेरले की बोली होत नाही. त्या भागातला प्रेक्षक दोन वाक्यांत ओळखतो.

कॅमेरा कुठे फिरेल, संगीत कधी वाजेल ते लिहू नका. दिग्दर्शक ते वाचत नाही, वाचलं तर चिडतो.

## ८. नोट्स आल्यावर

पहिल्या मसुद्यावर निर्मितीसंस्थेच्या नोट्स येतील, मग चॅनलच्या. दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध असू शकतात. तेव्हा तुम्ही मध्ये पडू नका. दोन्ही नोट्स क्रिएटिव्हला एकाच मेलमध्ये दाखवा आणि कुठली धरायची ते विचारा.

नोट बहुतेकदा उपायाच्या रूपात येते: "इथे माई तिला थोबाडीत देतात असं करू." खरी अडचण वेगळीच असते, बहुधा सीन थंड वाटतोय. "थंड वाटतोय का? मग माईंना बांगड्यांचा रिकामा डबा सगळ्यांसमोर उघडायला लावू?" असं विचारलं की निम्म्या वेळा पर्याय मान्य होतो. उरलेल्या निम्म्या वेळी थोबाडीत लिहायची. पगार त्याचाही मिळतो.

नोटमुळे "कुणाला काय माहीत" तक्ता मोडत असेल तर मात्र लगेच सांगा, एपिसोडच्या क्रमांकासकट. हा वाद तुम्ही नेहमी जिंकता.

सावधान: व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद घालू नका. फोनवर मिळालेली प्रत्येक नोट लिहून त्याच ग्रुपवर टाका: "आत्ता बोलल्याप्रमाणे हे बदल करतोय." पुढे "असं कुणी सांगितलं होतं?" हा प्रश्न नक्की येतो.

## ९. बँक सांभाळा

चित्रित होऊन तयार असलेल्या, पण अजून न दाखवलेल्या एपिसोडला बँक म्हणतात. बँक चांगली असेल तर तुम्ही माणसासारखे जगता. ती संपली की आज लिहिलेलं उद्या चित्रित होतं आणि परवा दिसतं. गणपती, दिवाळी, नटाचं आजारपण, गुरुवारच्या आकड्यांनंतर बदललेला ट्रॅक, बँक यांपैकी कशानेही संपते.

त्यासाठी दोन तयाऱ्या ठेवा. पहिली, दोन पात्रांचे, कायम उभ्या असलेल्या सेटवरचे, कथा पुढे न नेणारे चार-पाच सीन लिहून बाजूला ठेवा. सकाळी अकराला "नायिका तापाने फणफणलीये" असा फोन आला की हेच सीन युनिटचा दिवस वाचवतात. दुसरी, वर्षाच्या सणांचं कॅलेंडर भिंतीवर लावा. गुढीपाडवा, वटपौर्णिमा, मंगळागौर, गणपती, दिवाळी पडद्यावर त्याच सुमारास यायला हवेत, म्हणजे लिहून त्याच्या बऱ्याच आधी व्हायला हवेत. ऐन भाद्रपदात गणपतीचा सीन लिहायला बसलात तर उशीर झालाय.

## १०. करार आणि पैसे

मानधन एपिसोडवर ठरतं. किती, याआधी हे विचारा: पैसे मसुदा मंजूर झाल्यावर देय होतात की एपिसोड दाखवल्यावर? दाखवल्यावर असेल तर बँकेतले आठवडे त्यात मिळवा. टीव्हीच्या धंद्यात त्यानंतरही ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत बोकाळलेली आहे. म्हणून पहिली मालिका घेताना पाच-सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असावा. नोकरी सोडायची घाई करू नका. व्यावसायिक मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्रात धरायला विसरू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणीचं सीएला विचारा.

करारात स्वामित्वहक्काचं कलम शांतपणे वाचा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखी असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणून तयार करारात सहसा "कायमस्वरूपी, जगभर" असं लिहिलेलं असतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला लेखकाचा वाटा मात्र कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कुणालाही लिहून देता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. "लेखक रॉयल्टीवरचा सर्व हक्क सोडत आहे" असं वाक्य दिसलं तर त्यावर बोट ठेवा. वाद झालाच तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनची तंटानिवारण समिती सभासदांच्या तक्रारी घेते, सभासदत्व आधी घ्यायचं ते यासाठीही.

सही करण्याआधी इतकं कागदावर असू द्या: श्रेयनामावलीत नाव कुठल्या पदाने येणार, एका एपिसोडचे किती पुनर्लेखन मानधनात धरलेत, काढून टाकायचं असेल तर किती दिवसांची नोटीस, आणि मालिका अचानक बंद झाली तर मंजूर होऊन पडलेल्या पण कधीच न दाखवलेल्या एपिसोडचे पैसे मिळणार की नाही. शेवटचा मुद्दा तयार करारात क्वचितच असतो. तो तुम्हालाच घालून घ्यावा लागेल.